पन्नाशीची रेघ

भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत वडीलधाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे अन्न खात नाहीत. परसातल्या भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी होते, सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा होते. व्रताच्या कहाणीत पाळीच्या दिवसांत भांड्यांना शिवलेली एक ब्राह्मणस्त्री पुढच्या जन्मी आपल्याच मुलाच्या दारात कुत्री होऊन येते, नवरा बैल होऊन येतो, आणि मुलाने व्रत केल्यावर दोघे सुटतात. नकळत झालेल्या शिवाशिवीचे हे प्रायश्चित्त असल्यामुळे पाळी गेल्यावर ते धरायची किंवा त्याचे उद्यापन करायची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यामागच्या कल्पनेचे मूळ जुने आहे. इंद्राने विश्वरूपाला मारले आणि त्याला लागलेल्या ब्रह्महत्येचे वाटे पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांनी उचलले, असे तैत्तिरीय संहिता सांगते. स्त्रियांकडे आलेला वाटा म्हणजे पाळी. (गुन्हा इंद्राचा, आणि फेड करणारे तिघे दुसरेच, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.) हे मानले, की पाळी थांबणे म्हणजे कर्ज फिटणे. बाई आता देवाजवळ जायला मोकळी.

याच घटनेकडे १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी अगदी उलट बाजूने पाहिले. ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचे म्हणणे असे, की रजोनिवृत्ती हा इस्ट्रोजेनच्या अभावाचा रोग आहे, तो झालेली बाई बाईपणच गमावते, आणि गोळ्या घेतल्या तर ते टिकवता येते. म्हणजे व्रताच्या कहाणीप्रमाणे बाई त्या टप्प्यावर शुद्ध होते, तर विल्सनांच्या पुस्तकाप्रमाणे उणी होते. एकाने दिलेला मान आणि दुसऱ्याने केलेली कीव यांत वरवर काही साम्य नाही. पण गृहीतक दोघांचे एकच आहे: बाईच्या आयुष्यात एक रेघ आहे, ती अंडाशय ओढतो, आणि रेघेच्या अलीकडची बाई नि पलीकडची बाई या दोन वेगळ्या प्रकारच्या व्यक्ती आहेत. माझे म्हणणे असे, की शरीराविषयी जे आज नीट माहीत आहे त्यात ही रेघ सापडत नाही; आणि जी रेघ शरीर ओढत नाही, तिच्यावर कुणाचे पावित्र्य किंवा कुणाची किंमत उभी करता येत नाही.

यास्काच्या निरुक्तात वार्ष्यायणीच्या नावावर सहा भावविकार दिले आहेत: जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे आणि नाश पावणे. त्यात बदलणे आणि झिजणे हे दोन विकार वेगळे मोजले आहेत, ही बारीक गोष्ट इथे उपयोगी पडते. रजोनिवृत्ती यांपैकी कशात बसते? सुश्रुतसंहितेने बाराव्या वर्षी सुरू होणारे रज पन्नाशीला क्षय पावते असे म्हटले, म्हणजे तिला झिजण्याच्या खात्यात टाकले. विल्सनांनीही तेच केले. शरीरशास्त्राचा गेल्या पन्नास वर्षांचा पुरावा मात्र तिला बऱ्याच अंशी बदलण्याच्या खात्यात नेतो. हा फरक शाब्दिक नाही. झिजलेल्या गोष्टीची भरपाई करावी लागते आणि संपलेल्या पापाचा सोहळा करता येतो; बदललेली गोष्ट मात्र आधी समजून घ्यावी लागते.

आधी ही रेघ कुठे आहे तेच पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यक मानते. याचा अर्थ ती घडते त्या दिवशी कुणालाच कळत नाही. वर्ष उलटल्यावर मागे वळून तारीख ठरवावी लागते. अंडाशयातल्या बीजांचा साठा तर बाई जन्माला येण्याआधीच ओसरू लागलेला असतो. पाच महिन्यांच्या स्त्रीगर्भात साठसत्तर लाख, जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, वयात येताना तीनचार लाख, आणि पाळी थांबते तेव्हा हजाराच्या आसपास. प्रत्यक्ष बाहेर पडणारी बीजे चारपाचशेच. बाकीची गर्भात असल्यापासून गुपचूप विरत आलेली असतात. या घसरणीत पन्नाशीचे असे खास काही नाही. वयही सगळीकडे एक नाही. युरोप-अमेरिकेत पाळी जाण्याचे मध्यम वय एक्कावन्नच्या जवळपास आहे, भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या. धूम्रपानाने ते वर्षा-दोन वर्षांनी अलीकडे येते, कुपोषणाने आणि गरिबीनेही येते. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बायकाही असतात आणि पंचावन्नलाही ती चालू असलेल्या असतात.

शबरीमला मंदिराच्या वादात नेमका हाच घोळ दिसतो, आणि तो कागदोपत्री दिसतो. त्रावणकोर देवस्वम बोर्डाने १९५५ साली काढलेल्या अधिसूचनेत दहा ते पंचावन्न वयाच्या स्त्रियांना प्रवेशाला मनाई होती. केरळ उच्च न्यायालयाने १९९१ साली मनाई कायम ठेवली तेव्हा वयोगट दहा ते पन्नास असा होता. मधल्या काळात ना मलयाळी बायकांची शरीरे बदलली, ना तिथल्या अय्यप्पा देवाचे ब्रह्मचर्याचे व्रत बदलले. तरी पन्नास ते पंचावन्न वयाच्या बायका रेघेच्या आतून बाहेर आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने मनाई रद्द केली, त्यावरच्या फेरविचार अर्जांतून निघालेले प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे गेले, हा सगळा इतिहास वर्तमानपत्रांत पुष्कळ येऊन गेला. त्यातला घटनात्मक भाग इथे बाजूला ठेवतो. प्रश्न एवढाच, की ही रेघ शरीराबद्दल काही सांगते का.

शरीर जे सांगते ते जास्त गुंतागुंतीचे आहे. पाळी असताना बाईचे मुख्य इस्ट्रोजेन म्हणजे इस्ट्राडायॉल. ते बहुतांशी अंडाशयात तयार होते आणि महिन्याच्या चक्राबरोबर चढते-उतरते. पाळी जाण्याच्या सुमारास ते एकदम खाली येते आणि मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून येणारे एफएसएच हे संप्रेरक वाढते. पण इस्ट्रोजेनची कथा इथे संपत नाही. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि काही प्रमाणात म्हातारे अंडाशयही अँड्रोजेन जातीची संप्रेरके बनवत राहतात. रूढ भाषेत यांना पुरुषी संप्रेरके म्हणतात, पण ती बाईच्या अंगात पहिल्यापासून असतात. शरीरातल्या चरबीत अरोमाटेज नावाचे विकर असते. ते या अँड्रोजेनचे रूपांतर इस्ट्रोन या दुसऱ्या, सौम्य इस्ट्रोजेनमध्ये करते. उतारवयात बाईच्या रक्तात फिरणारे मुख्य इस्ट्रोजेन हेच. म्हणजे ज्याला आपण बाईपणाचे रसायन म्हणतो ते थांबत नाही, त्याचा कारखाना हलतो: ओटीपोटातल्या दोन छोट्या अवयवांतून सर्वांगभर पसरलेल्या चरबीत. ज्या चरबीला आपण निव्वळ साठलेला माल समजतो, ती स्वतःच एक अंतःस्रावी अवयव असल्याचे यातून दिसते. या बदलाचे बरेवाईट दोन्ही परिणाम आहेत. पाळी गेल्यानंतर वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्याचे एक मोठे कारण चरबीत बनणारे हे इस्ट्रोजेनच आहे. अभाव, अभाव म्हणून जे सांगितले गेले, त्याच्याच जास्तीपणाचा त्रास इथे होतो. उलट, चरबी जास्त म्हणून अंगाची काहिली कमी होईल असा एक जुना अंदाज होता, तोही संक्रमणाच्या वर्षांत खरा ठरलेला नाही. शरीर आपल्या सोप्या बेरजा-वजाबाक्या मानत नाही.

चरबीची जागाही याच काळात बदलते. मार्सेयचे डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ साली दाखवून दिले, की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याचा आजारांशी संबंध जास्त; नितंब-मांड्यांवर साठणारी एक तऱ्हा आणि पोटाभोवती साठणारी दुसरी. पाळीच्या वर्षांत बायकांची चरबी बहुधा पहिल्या तऱ्हेने बसते, आणि तिथून ती गरोदरपणात व अंगावर पाजताना वापरलीही जाते. इस्ट्राडायॉल उतरले आणि त्याच्या तुलनेत अँड्रोजेनचे वजन वाढले, की ती पोटात, आतड्यांभोवती बसू लागते. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून अधिक बायकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासातून एक बारकावा पुढे आला. वजन या वर्षांत हळूहळू वाढतच असते आणि पाळी जाण्याने त्या चढाला वेगळा वेग येत नाही. तो चढ वयाचा. पण शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षे आधीपासून चरबी वाढण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो आणि स्नायू घटू लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षांनी हा वेग ओसरतो. काटा नेहमीचाच चढ दाखवत असताना आतले शरीर निराळे होत असते. आपल्याकडे ही गोष्ट आणखी महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापला होता. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोघेही पुरुष होते हे खरे, तरी मुद्दा बायकांनाही लागू आहे: सडपातळ दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी मुळात जास्त असते. त्यावर पन्नाशीच्या आगेमागे तिचे पोटाकडे स्थलांतर होते, म्हणून भारतीय बाईच्या कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेला, की डॉक्टर साखर आणि रक्तदाब तपासायला सांगतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. तुम्ही याला बदल म्हणा की आणखी काही, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकार वाढतो, रात्री घामाने झोप मोडते, योनीमार्ग कोरडा पडतो. मग याला झीज का म्हणू नये? आक्षेपात तथ्य आहे आणि तो उडवून लावणे हा बायकांवर अन्याय होईल. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते, यात वाद नाही. चरबीतले इस्ट्रोन अंडाशयातल्या इस्ट्राडायॉलची जागा पूर्णपणे भरून काढते, असेही नाही. पण झीज एखाद्या ऊतीची होणे आणि व्यक्ती उणी होणे यांत अंतर आहे, आणि विल्सनांनी ते पुसले. चाळिशीला चष्मा लागतो म्हणून कुणी माणूसपण गमावल्याचे पुस्तक लिहीत नाही. शिवाय अभावाची ही कल्पना पुराव्यानेच अडचणीत आणली. बाईच्या अंगातून काही हरवले असेल तर ते परत घातल्यावर ती पूर्वीसारखी व्हायला हवी. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने साडेसोळा हजार बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी केली आणि ती २००२ साली मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र घटले. त्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. पुढच्या विश्लेषणांतून असे दिसले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत, त्रास होणाऱ्या बाईला हेच औषध बरेचदा फायद्याचे ठरते. तेच संप्रेरक एका वेळी उपकार करते आणि दुसऱ्या वेळी अपाय, याचा अर्थ ते घेणारे शरीर दरम्यान दुसरे झालेले असते. रिकामे झालेले भांडे पुन्हा भरणे, अशी ही गोष्ट नाही.

अभावाच्या कल्पनेला उत्तर म्हणून हल्ली एक उत्क्रांतीची कथा फार लाडकी झाली आहे. टांझानियातल्या हाड्झा लोकांत म्हाताऱ्या बायका कंदमुळे खणून नातवंडांना पोसतात, हे पाहून क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात आजी-सिद्धान्त मांडला: स्वतः आणखी मुले जन्माला घालण्यापेक्षा नातवंडे जगवणे वंशाला जास्त लाभाचे ठरले, म्हणून पाळी संपल्यावरचे दीर्घ आयुष्य टिकून राहिले. ऑर्का देवमाशांच्या माद्या चाळिशीच्या सुमारास प्रजनन थांबवून पुढे दशकानुदशके जगतात आणि सामन मासे दुर्मीळ झाले, की कळपाच्या पुढे राहून वाट दाखवतात. हे सगळे मनोरम आहे आणि बहुधा बऱ्याच अंशी खरेही. तरी या कथेवर आजीची प्रतिष्ठा उभी करणाऱ्यांशी माझे पटत नाही. बाईची किंमत आधी गर्भाशयात होती, आता ती नातवंडांच्या ताटात आहे, एवढाच फेर यात होतो. जिला नातवंडे नाहीत तिचे काय? युगांडातल्या न्गोगोच्या रानातल्या चिंपांझी माद्यांमध्येही रजोनिवृत्ती होते, हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मुली वयात येऊन दुसऱ्या कळपात जातात, त्यामुळे आजीपणाचा खुलासा तिथे सहज लागू होत नाही. एखादी गोष्ट का टिकली आणि ती असलेल्या जिवाचे मोल काय, हे दोन प्रश्न मिसळले, की असेच होते.

आता धर्माच्या बाजूचा आक्षेप घेऊ, तो सर्वांत बळकट आहे. कोणताही नियम अंदाजे रेघ ओढतो, असे म्हणता येईल. मतदानाला अठरा वर्षे लागतात; सतराव्या वर्षी शहाणी असलेली मुलगीही थांबते. पन्नास हा आकडाही तसाच सोयीचा धरा. पण अठराची रेघ ज्याचा अंदाज घेते ती समज खरोखर असते आणि वयाबरोबर वाढते. पन्नासची रेघ कशाचा अंदाज घेते? विटाळाचा म्हणाल, तर विटाळ आहे की नाही हाच वाद आहे, आणि जे सिद्ध करायचे ते गृहीत धरून चालत नाही. शबरीमलाच्या समर्थकांनी न्यायालयात वेगळे कारण दिले: प्रश्न विटाळाचा नाही, अय्यप्पा नैष्ठिक ब्रह्मचारी आहे, त्याच्या व्रताचा मान राखायचा आहे. युक्तिवाद आदराने ऐकला तरी त्याचा अर्थ असा होतो, की एक्कावन्न वर्षांची बाई ब्रह्मचर्याला बाधा आणण्याच्या पलीकडे गेली. इच्छेत वाटा असलेली अँड्रोजेन पाळीबरोबर जात नाहीत, हे वर आलेच आहे. या मांडणीत रेघ बाईच्या शरीरात नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि पाहणाऱ्याच्या नजरेचे वय पन्नास ठरवायला बाईचा दाखला लागत नाही.

रक्तस्राव हाच निकष धरला तर आणखी बिकट. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचे २०१९ साली गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे ब्याऐंशी हजार बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादमाचा दंड, पाणी नाही, आडोसा नाही, आणि कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर. यांतल्या कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. पिशवी गेलेल्या बाईची पाळी कायमची थांबते, पण अंडाशय ठेवलेले असतील तर संप्रेरके चालूच असतात. पस्तिशीची अशी बाई कुठल्या बाजूला धरायची? स्रावाच्या हिशेबाने ती शुद्ध, संप्रेरकांच्या हिशेबाने तरुण, वयाच्या हिशेबाने रेघेच्या आत. तिला मोकळीक मिळालीच असेल तर ती मुकादमाच्या सोयीने मिळाली. तीन निकष एकाच बाईबद्दल तीन वेगळी उत्तरे देतात, तेव्हा त्यांच्यामागे एकच पवित्र वस्तुस्थिती आहे असे म्हणणे अवघड होते.

हा विचार बाहेरून आणावा लागत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीचा स्राव शरीराच्या इतर द्वारांतून येणाऱ्या मळासारखाच एक मानला आणि त्याचा विटाळ धरायचे नाकारले. चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने अभंगातून प्रश्न केला, की देहाला विटाळ म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा. जातीच्या आणि बाईपणाच्या, दोन्ही विटाळांखाली जगलेल्या बाईचा हा प्रश्न आहे. त्यांच्या म्हणण्यातून रजोनिवृत्तीबद्दल एक निष्कर्ष आपोआप निघतो, पण तो फारसा कुणी काढलेला दिसत नाही: पाळी हा विटाळ नसेल, तर ती जाणे ही शुद्धीही नाही. म्हातारीला मिळणारा देवघरातला मान तरुणीला बाजूला बसवण्याचीच उलटी बाजू आहे. एक ठेवून दुसरे टाकता येत नाही.

शेवटचा आक्षेप बायकांकडूनच येतो, म्हणून तो जड आहे. पाळी गेल्यावर सुटल्यासारखे वाटते, असे अनेक जणी म्हणतात. तुम्ही ते सुख का हिरावता? मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत स्त्रियांशी बोलून १९७५ साली लिहिले, की पाळीतल्या बदलांपलीकडे फारसा त्रास त्यांनी सांगितला नाही, आणि याचे कारण त्यांना त्या टप्प्यावर बक्षीस मिळत होते: पडदा सुटे, पुरुषांत बसता-बोलता येई. नंतरच्या भारतीय पाहण्यांत सांधेदुखी, थकवा, झोपमोड यांच्या तक्रारी भरपूर निघाल्या, तेव्हा त्रास नव्हताच असे मानायला नको. पण फ्लिंटबाईंची नोंद दुसऱ्या कारणाने बोलकी आहे. त्या स्त्रियांना मिळालेली मोकळीक ना इस्ट्रोनने दिली होती, ना एफएसएचने. ज्यांनी पडदा घातला त्यांनीच तो उचलला. उचलायला अंडाशयाची परवानगी लागत नव्हती, तो पंचविसाव्या वर्षीही उचलता आला असता. तसे झाले असते तर पन्नाशीच्या आगेमागे त्या स्त्रियांच्या वाट्याला रजोनिवृत्तीचे स्वतःचे तेवढेच उरले असते: काहिली, हाडे, पोटाकडे सरकणारी चरबी आणि रक्तातली साखर. त्यांची दखल डॉक्टराने घ्यायची आहे. देवळाच्या पायरीवर त्यांचे काही काम नाही.